मुलाचा दावा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर दिवाणी कामेच चालवली. वाटणीचे दावे, वहिवाटीचे दावे, बांधावरून झालेली भांडणे. त्यामुळे या व्यासपीठावर दिवाणी कायद्यावर बोलणे उचितच आहे. पण मी निवडलेला विषय आपल्या दिवाणी कोर्टात फारसा येत नाही. तो यायला हवा, असे मला वाटते, म्हणून तो मांडते आहे. ज्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला, त्याच्या कुटुंबाला फौजदारी खटल्याखेरीज कायद्याकडे काय मागता येते, हा तो विषय.

आपल्याकडे रस्त्यावर एखाद्या मुलाला ट्रकने धडक दिली, तर दवाखान्याच्या दारातच कुणीतरी नातेवाईक विचारतो, ‘क्लेम टाकला का?’ त्यात कुणाला लाज वाटत नाही. मुलाचा पाय गेला आहे, पुढचे शिक्षण, उपचार, नोकरी सगळे अडणार आहे, तेव्हा ज्याच्यामुळे हे झाले त्याने किंवा त्याच्या विमा कंपनीने भरून द्यावे, हे गावातल्या शेवटच्या माणसालाही पटते. मोटार अपघात न्यायाधिकरण ही आता आपल्या ओळखीची जागा झाली आहे. पण त्याच मुलाला शिकवणीच्या सरांनी, शेजारच्या काकांनी किंवा घरातल्याच कुणी ओरबाडले, तर प्रश्न एकच विचारला जातो, ‘आत टाकला का?’ आरोपीला अटक झाली की गाव आपल्या वाटेला लागते. मूल मात्र रात्री दचकून उठते, शाळेत जायला नाही म्हणते. आईची रोजंदारी बुडते. कधी कुटुंबाला भाड्याचे घर सोडावे लागते, कधी गावच. हा सगळा खर्च कोण देणार, हे कुणी विचारत नाही.

फौजदारी खटला आरोपीचे काय करायचे ते ठरवतो. तो हवाच. पण मुलाचे काय करायचे, हा निराळा प्रश्न आहे आणि तो पहिल्याच आठवड्यात विचारावा लागतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे.

हा प्रश्न विचारायला लोक का धजत नाहीत, ते मला ठाऊक आहे. ‘पोरीच्या अब्रूवर पैसे घेतले असं लोक म्हणतील.’ हे वाक्य मी झोपडीतल्या आईकडून ऐकले आहे आणि बंगल्यातल्या वडिलांकडूनही. त्यात भर घालायला उलटतपासणीत बचावाचे वकील उभे असतातच, ‘पैशासाठी खोटी केस केली, हे म्हणणे खरे आहे काय?’ त्या भीतीने कित्येक घरे हक्काच्या रकमेचा अर्जसुद्धा करत नाहीत. आणि तीच घरे, गावकीने दबाव आणला की, चार पंच बसवून आरोपीच्या घरच्यांकडून काहीतरी रक्कम घेतात, साक्ष फिरवतात आणि ‘मिटवले’ म्हणतात. खऱ्या अर्थाने लाजिरवाणे काही असेल तर ते हे मिटवणे आहे. त्यात पैसे मुलाच्या नावावर जात नाहीत, मुलाचे म्हणणे कुणी ऐकत नाही आणि माणूस मोकळा सुटून दुसऱ्या मुलाकडे वळतो.

राजस्थानातल्या एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी असभ्य वर्तनाचा गुन्हा नोंदला गेला. मुलीच्या वडिलांनी तडजोड केली आणि त्या आधारावर उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रामजी लाल बैरवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. असा गुन्हा ही दोन कुटुंबांतली खासगी बाब नाही, तडजोड झाली म्हणून तो पुसता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. कोर्टातून मिळणारी भरपाई आणि ओसरीवर ठरलेली तडजोड यांत हाच फरक आहे. भरपाई घेतल्याने खटला तसूभरही हलत नाही. उघडपणे, अर्ज करून, न्यायाधीशांच्या आदेशाने मिळालेली रक्कम मुलाच्या बँक खात्यात जमा होते. उलटतपासणीतल्या त्या प्रश्नालाही हेच उत्तर पुरेसे आहे, ‘होय, कायद्याने दिलेल्या हक्काचा अर्ज आम्ही केला.’

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळते. पहिला मार्ग पोक्सो कायद्यातच, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातच आहे. हा कायदा २०१२ चा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०२० चे. कायद्याच्या कलम ३३ मध्ये विशेष न्यायालयाला भरपाईचा अधिकार आहे आणि नियम ९ मध्ये त्याची रीत सांगितली आहे. गुन्हा नोंदला गेल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देता येते. आरोपपत्राची वाट पाहायची गरज नाही, निकालाची तर नाहीच. न्यायाधीश स्वतःहूनही आदेश देऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरोपी निर्दोष सुटला, त्याला आरोपातून वगळले किंवा तो सापडलाच नाही, तरीही मुलाला इजा झाली आहे असे न्यायालयाला वाटले, तर भरपाई मिळू शकते. हे मी वकिलांनाही सांगते तेव्हा काही जण पुन्हा नियम उघडून पाहतात. रक्कम ठरवताना न्यायालयाने काय पाहायचे, याची यादीच नियमात आहे. अत्याचार एकदा झाला की बराच काळ चालू राहिला, आरोपीचे मुलाशी नाते काय, उपचारांचा खर्च किती, किती शाळा बुडाली, आईवडिलांचा रोजगार बुडाला का, गर्भ राहिला का, आजार जडला का, मुलाची आर्थिक स्थिती कशी. ही यादी समोर ठेवूनच अर्ज लिहावा. शाळेचा हजेरीपट, औषधांची बिले, समुपदेशकाचे पत्र, गावाहून तारखेला येण्याजाण्याची एसटीची तिकिटेसुद्धा जोडावीत. ‘योग्य ती भरपाई मिळावी’ एवढी एक ओळ लिहून दिलेल्या अर्जावर न्यायाधीश तरी काय करणार? आदेश झाला की तीस दिवसांत राज्याने रक्कम द्यायची आहे.

त्याच्याही आधीची एक तरतूद नियम ८ मध्ये आहे. घरात जेवायला नाही, अंगावर घालायला नाही, दवाखान्यात जायला भाडे नाही, अशा वेळी बाल कल्याण समिती तातडीच्या रकमेची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याभरात मिळायला हवी. समितीच मुलासाठी एक सहाय्यक व्यक्तीही नेमते. ही व्यक्ती चांगली मिळाली तर अर्धे काम झाले म्हणून समजा. ती कुटुंबाच्या घरी जाते, तारीख सांगते, भरपाईच्या अर्जाचे काय झाले ते विचारते. मिळाली नसेल तर समितीकडे लेखी मागा.

रकमेचे आकडे बऱ्याच अंशी योजनांतून येतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना मूळ स्त्रियांसाठी होती. पण सप्टेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती विशेष न्यायालयांना अल्पवयीन मुलांसाठी, मुलगा असो वा मुलगी, मार्गदर्शक म्हणून वापरायला सांगितले. त्या योजनेत बलात्कारासाठी किमान चार लाख आणि कमाल सात लाख रुपये सांगितले आहेत. रक्कम अल्पवयीन व्यक्तीची असेल तर ऐंशी टक्के भाग मुदत ठेवीत ठेवून तो सज्ञान झाल्यावरच मिळतो. शिक्षण किंवा उपचार यांसाठी मधे काढायची सोय आहे. ‘पोरावर पैसे कमावले’ म्हणणाऱ्यांना हा नियम दाखवावा. आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पुढे तिची कमाल मर्यादा दहा लाखांपर्यंत वाढवली गेली आणि कारभार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. तिथे वकीलही मोफत मिळतो, कारण १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता विधी साहाय्य आहे. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

आता घरातल्या अत्याचाराकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या अहवालांत दरवर्षी दिसते की पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत दहातल्या नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात. त्यात वडील, सावत्र वडील, काका, आजोबा असतात. जामिनावर सुटलेला माणूस त्याच घरात परत येतो, तेव्हा आईला वाटते, आता मूल घेऊन मीच बाहेर पडायचे. कायदा उलट सांगतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आईने वापरावा. त्या माणसाला घरातून बाहेर काढण्याचा आदेश मागता येतो, खर्च मागता येतो, मुलाचा ताबा मागता येतो आणि मानसिक यातनांबद्दल भरपाईही. संरक्षणाच्या कलम १८ मध्ये मुलाच्या शाळेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या माणसाने शाळेत पाऊल ठेवू नये, असा आदेश होऊ शकतो. कलम २१ तर सांगते की वडिलांची भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटल्यास दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारायचीच आहे. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे खरे, पण अंतरिम आदेश लवकर मिळतो, म्हणून अर्जातच अंतरिम मागण्या लिहा. आदेश मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो.

कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा वाद चालू असेल, तर १८९० चा पालक व प्रतिपाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा दोन्ही मुलाचे हित सर्वांत वर ठेवतात. वडील नैसर्गिक पालक आहेत, एवढ्याने ताबा मिळत नाही. आरोप सिद्ध व्हायचे असतील तोवर भेट पूर्ण बंद, किंवा न्यायालयाच्या आवारात, तिसऱ्या माणसाच्या समोर, असा आदेश मागावा. वकिलांनी तो तोंडी मागू नये. प्रतिज्ञापत्रावर, समुपदेशकाच्या अहवालासह मागावा.

आता मूळ दिवाणी दाव्याकडे येते. माझ्या मते याचीच सर्वांत जास्त उपेक्षा झाली आहे. अत्याचार करणाऱ्या व्यक्तीवर नुकसानभरपाईचा दावा लावता येतोच. पण शिपायाच्या, वॉर्डनच्या, व्हॅनचालकाच्या नावावर काय असते? हुकूमनामा मिळाला तरी वसूल कुठून करणार? खरा दावा संस्थेवर असतो. शाळा, वसतिगृह, क्लास, क्रीडा अकादमी, अनाथाश्रम. पालक मूल त्यांच्या हवाली करतात ते विश्वासाने, फी देऊन. मुलाच्या जवळ जाण्याची संधी त्या माणसाला संस्थेनेच दिलेली असते.

आपल्याकडे या मार्गाला आधार आहे. १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले सहलीला बियास नदीवर नेली होती. चौदा मुले बुडाली. २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीप चंद सूद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम ठेवली आणि व्यवस्थापनाला शिक्षकांच्या निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले. ती लैंगिक अत्याचाराची घटना नव्हती. पण मुले ताब्यात असताना शाळेवर काळजीचे कोणते ओझे असते, ते त्यात स्पष्ट झाले. खास अत्याचाराच्या बाबतीत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बेझ्ली विरुद्ध करी या खटल्यात आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ मध्ये लिस्टर विरुद्ध हेस्ली हॉल या खटल्यात मुलांची जोपासना करणाऱ्या संस्थांना त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या अत्याचारांसाठी उत्तरदायी ठरवले. नोकराला सोपवलेल्या कामातच धोका दडलेला असेल, तर ‘त्याने ते आमच्या सांगण्यावरून केले नाही’ एवढे म्हणून मालक सुटत नाही, हे या निकालांचे सार आहे. आपली न्यायालये हे निकाल बंधनकारक मानणार नाहीत, पण वाचतील. ते समोर ठेवणारा वकील हवा.

दाव्याचे खरे बळ मात्र पैशात नाही, कागदांत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ वादीला प्रश्नावली देण्याचा आणि कागद हजर करून मागण्याचा हक्क देतो. या माणसाला नेमताना पोलीस पडताळणी झाली होती का? त्याच्याबद्दल आधी तक्रार आली होती का? ती कोणत्या वहीत नोंदवली? आधीच्या शाळेने त्याला का काढले? फौजदारी खटल्यात हे प्रश्न बहुतेक वेळा आडबाजूला पडतात, कारण तिथे आरोपी एक माणूस असतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात पाद्रींनी मुलांवर केलेले अत्याचार २००२ मध्ये जगासमोर आले, ते मोठ्या प्रमाणावर दिवाणी दाव्यांत दाखल झालेली, न्यायालयाने खुली केलेली चर्चची अंतर्गत पत्रे वाचून. पुढच्या वर्षी तिथल्या धर्मप्रांताने ५५२ जणांना मिळून ८.५ कोटी डॉलर दिले. कोणत्याही फौजदारी खटल्याने ती कपाटे उघडली नसती.

बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच चिमुकल्यांवर अत्याचार झाले, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी वगैरेंबद्दल आदेश काढले. अशा आदेशांकडे आपण फक्त प्रशासनाच्या चष्म्यातून पाहतो. वकिलाने त्यांच्याकडे काळजीचे मोजमाप म्हणून पाहावे. शासनाने ठरवून दिलेली किमान काळजी संस्थेने घेतली नसेल, तर निष्काळजीपणा दाखवायला त्याहून चांगला कागद नाही.

संस्था सरकारी असेल, म्हणजे आश्रमशाळा, निरीक्षणगृह, जिल्हा परिषदेची शाळा, तर उच्च न्यायालयात रिट अर्जही करता येतो. रुदुल साह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या निकालांनी मूलभूत हक्काच्या भंगासाठी सरकारला थेट भरपाई द्यायला लावण्याचा मार्ग खुला केला. २००० मध्ये चंद्रिमा दास प्रकरणात रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या बलात्काराबद्दल दहा लाखांची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने शासनावर टाकली. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलाचे आईवडील हे निकाल वाचणार नाहीत. ते त्यांच्यासाठी वापरणे आपल्या बारच्या हातात आहे.

आता काही अडचणी, ज्यांच्यापायी दावा दाखल होत नाही. अज्ञान मुलाच्या वतीने वादमित्र दावा लावतो, तो बहुधा आई. वडीलच आरोपी असतील तर हितसंबंध विरोधात नसलेली कोणतीही सज्ञान, समंजस व्यक्ती वादमित्र होऊ शकते, आजी, मामा, एखादी कार्यकर्तीसुद्धा. आणि ऐका, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ चा नियम ७ सांगतो की न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाच्या वतीने तडजोड करता येत नाही. नियम ६ म्हणतो की मुलाचे पैसे वादमित्राला परवानगीशिवाय घेता येत नाहीत. ओसरीवरच्या मिटवामिटवीला हा कायदा जागाच ठेवत नाही. कोर्ट फीची ऐपत नसेल तर आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा दाखल करता येतो. नाव फुटण्याची भीती असेल, तर बंद दाराआड सुनावणी आणि कागदपत्रांत नावाऐवजी अक्षरे, हे दोन्ही पहिल्याच दिवशी मागावे. संहितेचे कलम १५३ ख न्यायाधीशांना लोकांना बाहेर ठेवण्याचा अधिकार देते. पुराव्याची पातळीही वेगळी आहे. फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते, दिवाणीत पारडे कुठे झुकते ते पाहतात. म्हणून आरोपी सुटला तरी दावा मरत नाही. आणि खटल्यात आधी मिळालेली रक्कम दिवाणी न्यायालय हिशेबात धरते, त्यामुळे दोनदा घेतल्याचा आक्षेपही टिकत नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. म्हणजे सर्वसाधारणपणे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. ज्यांनी बालपणी हे भोगले आहे, त्यांपैकी किती जण एकविसाव्या वर्षी बोलू शकतात? बरेच जण स्वतःला मूल झाल्यावर प्रथम बोलतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलून पंचावन्न वर्षांपर्यंत दावा लावू दिला आणि आधी मुदत संपलेल्यांसाठी दोन वर्षे दार पुन्हा उघडले. पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांना आपल्याकडे फौजदारी मुदतच नाही. मग त्याच घटनेच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांचे कुलूप का? विधिमंडळाने आणि संसदेने हे बदलायला हवे. मुदत हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही त्यात हात घालता येतो. गोव्याने पोक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्येच मुलांसाठी स्वतःचा कायदा आणि स्वतःचे बाल न्यायालय उभे केले. महाराष्ट्रासारख्या राज्याला मुदतीतली एक दुरुस्ती अवघड नसावी.

शेवटी इथे बसलेल्या वकील मित्रमैत्रिणींना सांगते. पुढच्या वेळी असे कुटुंब तुमच्याकडे आले, तर वकीलपत्रावर सही घेताना त्यांच्याकडून आणखी तीन कागद करून घ्या: विशेष न्यायालयात अंतरिम भरपाईचा अर्ज, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे योजनेचा अर्ज, आणि संस्थेला उद्देशून कागदपत्रे जपून ठेवण्याची नोटीस. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ती नोटीस त्याच दिवशी जायला हवी. आणि जे आईवडील इथे आहेत, किंवा हे छापील व्याख्यान कधी वाचतील, त्यांनी कुणाच्या बोलण्याला भिऊन हा हक्क सोडू नये. तो तुमचा नाही, तुमच्या मुलाचा आहे. तुम्ही मागितला नाही, तर त्याच्या वतीने तो दुसरे कुणीही मागणार नाही.